भंगाराच्या पावतीवरचे शब्द



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण भंगाराबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे कोणी कबाड म्हणतं, कोणी भंगार म्हणतं. सायकलवर पोतं बांधून तो भाऊ गावात येतो, 'लोहा, टिना, टप्पर, प्लास्टिक' असं ओरडतो आणि आपण कोपऱ्यातलं काहीतरी उचलून त्याला देतो. तो काय भाव देतो, कशाचा देतो, हे आपण फारसं विचारत नाही. घरातली अडगळ गेली याचंच समाधान असतं.

पण मागच्या दोन वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या काही गटांनी हेच काम व्यवसाय म्हणून हातात घेतलं. गावागावातून भंगार विकत घ्यायचं, वेगळं करायचं आणि गाडी भरली की मोठ्या व्यापाऱ्याला विकायचं. मी गटांबरोबर काम करते म्हणून पहिल्या गाडीच्या वेळी मीही सोबत गेले होते. त्या दिवशी जे झालं तिथूनच आजचं बोलणं सुरू करते.

दिवाळीच्या आधी घरं सारवायला निघतात, तेव्हा भंगार खूप निघतं. आमच्या गटाने तेव्हा एक छोटा हत्ती भरून माल जमवला होता. काट्यावर गेलो. माल उतरला. व्यापाऱ्याच्या माणसाने एक पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मॅडम, सही करा." पावतीवर लिहिलं होतं: ग्रॉस १६४०, टेअर ९८०, नेट ६६०, कडता ५ टक्के, एम.एस. मिक्स. मी बी.ए. झालेली बाई. बायकांसमोर 'हे काय आहे?' असं विचारायची मला लाज वाटली. मी सही केली. पैसे ६२७ किलोचे मिळाले.

घरी येऊन वहीत बघितलं तर आम्ही गावात तोलून घेतलेला माल ७४० किलो होता. पैसे ६२७ किलोचे. म्हणजे ११३ किलो माल कुठेतरी गेला होता. गटातली एक मावशी मला म्हणाली, "ताई, तुम्ही तर शिकल्या आहात, तुम्ही होता म्हणून आम्ही काही बोललो नाही." ते वाक्य मला अजून टोचतं. म्हणून मी ठरवलं की हे शब्द शिकायचे. जे शिकले ते आज तुम्हाला सांगते.

आधी वजनाचे शब्द घेऊ. हे शब्द आपल्याला अगदीच नवीन नाहीत. फक्त नावं इंग्रजी आहेत.

बाजारात तेल आणायला गेल्यावर दुकानदार आधी रिकामी बरणी तागडीत ठेवतो आणि दुसऱ्या बाजूला वजन टाकून बरोबरी करतो. त्याला आपण धडा करणं म्हणतो. रिकाम्या बरणीचं वजन आपल्या तेलात धरलं जाऊ नये म्हणून धडा करायचा. टेअर म्हणजे तेच. रिकाम्या गाडीचं वजन. ग्रॉस म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतं ते नेट, म्हणजे निव्वळ मालाचं वजन.

आमची चूक कुठे झाली? आमची गाडी भरलेली तोलली, पण रिकामी तोललीच नाही. ड्रायव्हरला विचारलं, त्याने अंदाजाने ९८० सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं. पुढच्या खेपेला आम्ही हट्ट धरून तीच गाडी रिकामी तोलली, तर ती ९०० किलोची निघाली. म्हणजे त्या एका शब्दात आमचे ८० किलो गेले होते.

उरलेले ३३ किलो कुठे गेले? ते कडत्यात गेले. कडता हा शब्द धान विकणाऱ्या बाईला सांगायची गरज नाही. धानात माती आहे, ओलावा आहे, पोत्याचं वजन आहे, असं म्हणून जे वजा करतात तो कडता. भंगारातही तसंच. माती लागली आहे, गंज आहे, लाकडाचा दांडा आहे, म्हणून पाच टक्के वजा. कडता हा प्रकार मुळात खोटा नाही. कुदळीला दांडा असेल तर दांड्याचे पैसे लोखंडाच्या भावात कोण देणार? पण आमच्या मालाचे दांडे आम्ही आधीच काढले होते, माती झटकली होती. तरीही पाच टक्के गेले, कारण कडता किती हे आम्ही माल उतरवण्याआधी ठरवलं नव्हतं. भाव ठरवताना कडताही ठरवायचा. माल उतरल्यावर आपल्या हातात काही राहत नाही.

आणखी एक शब्द पासंग. तागडीची दोन्ही पारडी रिकामी असताना एक बाजू झुकलेली असली तर त्या फरकाला पासंग म्हणतात. 'पासंगालाही पुरत नाही' असं आपण बोलण्यात म्हणतो ना, तोच शब्द. हातात धरायच्या तागडीत बोटाने दांडी मारली जाते. इलेक्ट्रॉनिक काट्यात दांडी मारता येत नाही, पण सुरुवातीला आकडा शून्यावर आहे की नाही हे बघावं लागतं. व्यापारासाठी वापरायचा प्रत्येक काटा आणि प्रत्येक वजन वैधमापन शास्त्र विभागाकडून तपासून त्यावर मुद्रा घ्यावी लागते. हे व्यापाऱ्याला लागू आहे आणि आपल्या गटालाही लागू आहे. आपण गावात साध्या स्प्रिंगच्या काट्यावर माल घेत असू आणि त्यावर मुद्रा नसेल, तर चूक आपलीही आहे. गावातली म्हातारी माय आपल्याकडे फुटका गंज विकायला आणते, तेव्हा तिच्यासाठी व्यापारी आपणच असतो.

आता मालाचे शब्द. पावतीवर लिहिलं होतं 'एम.एस. मिक्स'. एम.एस. म्हणजे माइल्ड स्टील, आपलं नेहमीचं लोखंड. मिक्स म्हणजे सरमिसळ. सरमिसळीला सगळ्यात खालच्या मालाचा भाव मिळतो. धान आणि तांदूळ एका पोत्यात भरलं तर कोणी तांदळाचा भाव देईल का? देणार नाही. भंगाराचंही तसंच आहे. म्हणून वेगळं करणं हीच आपली कमाई.

लोखंडात मुख्य तीन ढीग करा. पहिला जाड लोखंडाचा. नांगराचा फाळ, सळई, अँगल, गाडीचे जाड भाग. दुसरा पत्र्याचा. कूलरची पेटी, कोठीचं झाकण, छपराचे टिन, डबे. तिसरा बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचा तवा, शिलाई मशीनचा पाया, जुन्या पंपाचं कवच. बीड ओळखायचं कसं? हातोडा मारला की साधं लोखंड वाकतं, बीड तुटतं. तुटलेल्या जागी ते करडं आणि दाणेदार दिसतं.

मोठे व्यापारी जाड लोखंडाला मेल्टिंग म्हणतात. पूर्ण शब्द हेवी मेल्टिंग स्क्रॅप, म्हणजे भट्टीत वितळवण्याजोगं जाड भंगार. त्यात नंबर एक आणि नंबर दोन असतात. नंबर एकचा माल निदान पाव इंच जाड असावा लागतो. नंबर दोनमध्ये त्याहून पातळ माल आणि जस्ताचा मुलामा दिलेला मालही चालतो. बाजारात ८०-२० असा शब्द ऐकला तर समजा, ८० भाग नंबर एक आणि २० भाग नंबर दोन.

काही लोखंड वितळवावं लागत नाही. ते नुसतं तापवून, दाबून त्याची पुन्हा सळई किंवा पट्टी करतात. त्याला री-रोलिंगचा माल म्हणतात. त्याचा भाव साध्या मेल्टिंगपेक्षा चांगला असतो. म्हणून लांब, सरळ, जाड तुकडे असतील तर ते उगाच तोडू नका, वेगळे ठेवा.

आता लोखंडाशिवायचे धातू. यासाठी गटात एक चुंबक हवा. जुन्या स्पीकरमधला चालेल. चुंबक चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर थांबा आणि नीट बघा.

पांढरं आणि हलकं असेल तर ते जर्मन. आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. खरं तर जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण, पण आपल्या बोलीत ते नाव अॅल्युमिनियमला चिकटलं. व्यापाऱ्याला दोन्ही शब्द कळतात. जर्मनमध्येही पत्र्याची भांडी वेगळी आणि ओतीव भाग वेगळे, जसे मिक्सरचं किंवा गाडीच्या इंजिनचं कवच. दोघांचा भाव एक नसतो.

लाल असेल तर तांबं. पिवळं असेल तर पितळ. पितळात तांबं आणि जस्त असतं. काशात तांबं आणि कथील असतं. पायाला तेल चोळायची काशाची वाटी तुम्ही पाहिली असेल. कथील जस्तापेक्षा महाग, म्हणून काशाचा भाव पितळापेक्षा जास्त. पितळाच्या ढिगात काशाची वाटी गेली तर तोटा आपला. स्टीलच्या भांड्यांचंही बघा. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये निकेल जास्त असतं, २०२ मध्ये कमी. चुंबकाने हा फरक नेहमी कळत नाही. भांड्याच्या तळाशी नंबर कोरलेला असेल तर तो वाचा.

इथे आपला एक जुना मराठी शब्द आठवा. मोड. सासूबाई म्हणायच्या, 'जुनी भांडी मोडीत घातली आणि नवी घागर घेतली.' मोड म्हणजे भांडं म्हणून नव्हे, तर धातू म्हणून वजनावर दिलेला माल. शेजारचा भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या कारागिरांच्या भट्टीत अशीच मोड वितळून नवी भांडी होत आली. मोडीत काढणं या शब्दाचा अर्थ आपण टाकून देणं असा करतो. भांडीवाल्याच्या दृष्टीने मोड म्हणजे कच्चा माल. आपणही तसंच बघायला शिकलं पाहिजे.

तांब्याच्या तारेचे शब्द तर गमतीचे आहेत. जगभरातल्या व्यापाऱ्यांनी तारेच्या जमान्यात प्रत्येक मालाला छोटं नाव दिलं, कारण तार करताना शब्दांवर पैसे लागायचे. लांबलचक वर्णनाऐवजी एक शब्द पाठवायचा. नवी चकचकीत, सोललेली तांब्याची तार म्हणजे बार्ली. स्वच्छ पण तशी चकचकीत नसलेली एक नंबर तार म्हणजे बेरी. दोन नंबरची तार म्हणजे बर्च. पिवळ्या पितळेच्या भंगाराला नाव आहे हनी, म्हणजे मध. आपल्याकडचे व्यापारी चांगल्या तारेला मिलबेरी म्हणतात. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा बायका हसून लोटपोट झाल्या. पण यात एक कामाची गोष्ट आहे. जळून ठिसूळ झालेली तार बेरीत बसत नाही, ती खालच्या नंबरात जाते. काही जणी वायरचं प्लास्टिक काढायला ती जाळतात. तो धूर विषारी असतो. तो आपल्या छातीत जातो, अंगणात खेळणाऱ्या लेकराच्याही छातीत जातो आणि वर भावही कमी येतो. वायर सोला किंवा न सोलता वायर म्हणूनच विका. जाळू नका.

आता हा सगळा माल जातो कुठे? आपल्या जिल्ह्यातून पूर्वेला रायपूर. तिथे उरला, सिलतरा या औद्योगिक भागांत लोखंडाचे पुष्कळ कारखाने आणि रोलिंग मिल आहेत. आपल्याच राज्यात मराठवाड्यात जालना आहे. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळवून घराच्या स्लॅबला लागणारी सळई तयार होते. उद्या तुमच्या घरकुलाच्या छतात जी सळई पडेल, तिच्यात तुमचाच जुना फाळ असू शकतो.

माल दूर जायचा म्हटला की रेल्वेचे शब्द येतात. आपलं गोंदिया मोठं जंक्शन. हावडा-मुंबई मार्गावरचं, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातलं. रोज मालगाड्या आपल्या समोरून जातात, पण त्यांचे शब्द आपल्याला माहीत नसतात.

पूर्ण मालगाडीला रेक म्हणतात. एका डब्याला वॅगन. वरून उघडा, उंच भिंतींचा डबा म्हणजे बॉक्स-एन. कोळसा, खनिज, भंगार असला माल त्यात जातो. बंद डबा धान्य, खत, सिमेंटसाठी. एका बॉक्स-एन डब्यात साधारण ६० टन माल बसतो आणि एका रेकमध्ये असे ५८ च्या आसपास डबे. हिशोब करा, साडेतीन हजार टनांच्या घरात जातो. आपला छोटा हत्ती पाऊण टनाचा. म्हणजे आपल्यासारख्या साडेचार हजारांहून जास्त गाड्या भरल्या तर एक रेक होईल. त्यामुळे आपला गट काही रेल्वेने माल पाठवणार नाही. आपला माल ट्रकनेच जाईल.

मग हे शब्द कशाला शिकायचे? कारण हे शब्द आपला भाव पाडायला वापरले जातात. मला एकदा ऐकवलं गेलं, "मॅडम, डेमरेज बसलं, म्हणून या महिन्यात भाव कमी." आता डेमरेज म्हणजे काय ते ऐका. रेल्वे डबा भरायला किंवा रिकामा करायला ठरावीक वेळ फुकट देते. तो वेळ संपल्यावर डबा अडवून ठेवला तर त्याचा दंड म्हणजे डेमरेज. माल उतरवून गोदामाच्या जागेवर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवला तर त्याचं भाडं म्हणजे व्हार्फेज. दोन्ही खर्च माल पाठवणारा किंवा घेणारा यांच्या उशिरामुळे लागतात. गावातून पोतं आणणाऱ्या बाईमुळे लागत नाहीत. मी एवढंच विचारलं, "भाऊ, तुमचा माल तर ट्रकने जातो, डेमरेज कुठलं?" तो हसला आणि भाव जुनाच दिला. शब्द माहीत असला की भांडावं लागत नाही.

आणखी दोन-तीन शब्द. डबे हवेत म्हणून रेल्वेकडे मागणी नोंदवतात, त्याला इंडेंट म्हणतात. रिकामे डबे भरायच्या जागी आणून लावले की प्लेसमेंट झाली. माल चढल्यावर रेल्वे जी पावती देते ती आर.आर., म्हणजे रेल्वे रिसीट. बाजारात तिला बिल्टी म्हणतात. ट्रकच्या कागदालाही बिल्टीच म्हणतात. बिल्टीवर 'पेड' लिहिलं असेल तर भाडं पाठवणाऱ्याने आधीच भरलं. 'टू पे' लिहिलं असेल तर माल घेणारा भरणार. गटाने लांबच्या व्यापाऱ्याला ट्रकने माल पाठवला तर हा शब्द पाठवण्याआधी बघा. भाडं कोणाकडे, हे भाव ठरवतानाच ठरलं पाहिजे.

आता मी सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. कृपा करून ही नीट ऐका.

'कंडम' हा शब्द आपण रोज वापरतो. कंडम गाडी, कंडम पंखा. हा शब्द इंग्रजीतल्या कंडेम्ड या शब्दावरून आला. रेल्वेत डबा किंवा इंजिन चालवण्याजोगं राहिलं नाही असं ठरवलं की ते कंडम होतं. जुन्या मंडळींना आपली छोटी लाइन आठवत असेल. गोंदियावरून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी, अडीच फूट रुंदीची. आता तो सगळा मार्ग मोठ्या लाइनचा झाला आहे. छोटी लाइन निघाली की तिचे रूळ, स्लीपर, खिळे हा सगळा माल रेल्वेच्या नजरेत भंगार होतो. पण रेल्वेचं भंगार रस्त्यावर विकलं जात नाही. त्याचे ढीग करतात, त्याला लॉट म्हणतात. त्या लॉटचा इंटरनेटवर लिलाव होतो. जो बोली जिंकतो त्याला पैसे भरल्यावर माल उचलायचा कागद मिळतो. त्या कागदाशिवाय रेल्वेचा एक खिळाही बाहेर जात नाही.

आमच्या एका गटाकडे एक पोरगा चुंगडी घेऊन आला. त्यात वाकवलेल्या जाड सळईच्या वीस-पंचवीस क्लिपा होत्या. चांगलं जाड लोखंड, वजनदार. तोलणारी ताई खूश झाली. तेवढ्यात गटातल्या दुसऱ्या ताईने बघितलं. तिचे सासरे रेल्वेत चाबीवाले होते, रोज रुळावरून चालत जाऊन चाब्या ठोकायचे. ती म्हणाली, "थांबा, ही तर रुळाची चाबी आहे." रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणारी ती क्लिप. पोरगा म्हणाला, रुळाच्या कडेला पडल्या होत्या. असतीलही. पण कडेला पडलेली वस्तूही रेल्वेचीच असते.

१९६६ सालचा एक कायदा आहे, रेल्वे मालमत्ता बेकायदेशीर ताब्यात ठेवण्याबद्दलचा. चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू कोणाजवळ सापडली, तर ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे त्याच माणसाने सिद्ध करायचं असतं. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मला माहीत नव्हतं, मी फक्त विकत घेतलं' एवढं सांगून सुटका होत नाही. आमच्या गटाने त्या क्लिपा विकत घेतल्या नाहीत. पोलीस पाटलांना बोलावलं, वस्तू मोजून कागदावर लिहिल्या आणि रेल्वे सुरक्षा दलाकडे दिल्या. रेल्वेच्या १३९ या नंबरवरही कळवता येतं.

तर तायांनो, या वस्तू ओळखून ठेवा. रुळाचा तुकडा. रुळाला धरणारी वाकडी क्लिप. दोन रूळ जोडणारी, भोकं असलेली जाड पट्टी, तिला फिशप्लेट म्हणतात. सिग्नलची जाड केबल. डब्याचे ब्रेकचे भाग. असं काही आलं तर घेऊ नका. कोणी म्हणालं की मी लिलावात घेतलं, तर त्याला माल उचलण्याचा कागद मागा आणि त्याची प्रत ठेवा. कायद्याची भीती आहेच, पण दुसरीही गोष्ट आहे. त्याच रुळावरून आपली पोरं-पोरी गोंदियाला कॉलेजात जातात.

रेल्वेसारखंच वीज मंडळाची तार, मोबाइल टॉवरची केबल, ग्रामपंचायतीच्या हातपंपाचे भाग, शाळेची लोखंडी बाकं. आणणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि वस्तू वहीत लिहिल्याशिवाय काही घेऊ नका. ती वही हेच आपलं संरक्षण.

धोक्याच्या वस्तूंबद्दल दोन शब्द. गाडीची बॅटरी फोडून शिसं काढू नका. आतलं आम्ल अंग भाजतं आणि शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं. बॅटरी अखंड असू द्या, बॅटरीच्या विक्रेत्याला परत द्या. आणि जी वस्तू पूर्ण बंद आहे, खूप जड आहे आणि ती काय आहे हे कळत नाही, तिला हातोडा लावू नका. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र लिलावातून आलं. ते उघडलं तेव्हा आत कोबाल्ट-६० नावाचा किरणोत्सारी पदार्थ होता. एका कामगाराचा जीव गेला, कित्येक जण आजारी पडले. त्यांना दोष कसा द्यायचा? आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता कराचा एक शब्द. व्यापारी म्हणतो, "तुमच्याकडे जी.एस.टी. नंबर नाही, म्हणून १८ टक्के कापतो." हे ऐकून घाबरू नका. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की नोंदणी नसलेल्याने धातूचं भंगार नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला विकलं, तर कर भरायची जबाबदारी घेणाऱ्या व्यापाऱ्याची. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात, म्हणजे उलटा भार. तो कर व्यापारी स्वतः भरतो आणि नियमाप्रमाणे त्याला त्याची वजावट मिळू शकते. आपल्या रकमेतून तो कापायचा नसतो. पण एक लक्षात ठेवा. आपला जिल्हा सीमेवरचा आहे. बालाघाट किंवा राजनांदगाव आपल्याला जवळचं वाटतं, पण ते दुसरं राज्य. राज्याबाहेर विक्री करायची असेल तर नोंदणीचे नियम वेगळे आहेत. आधी कर सल्लागाराला विचारा, मग गाडी पाठवा.

हे सगळं आपल्या बायकांना जमेल का, असं कोणी विचारलं तर पुण्याचं उदाहरण सांगा. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने तिथल्या कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. त्यात बहुतेक बायका. संघटनेचं नावच बघा, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. ज्या मालावर पोट चालतं त्याचीच नावं त्यांनी संघटनेला दिली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. त्यांच्यातल्या पुष्कळ बायकांना अक्षर येत नव्हतं, पण कोणता माल कोणत्या ढिगात जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आमच्या गटाने आता पाच गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. गाडी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा आपल्या डोळ्यांसमोर तोलायची. कडता आणि भाडं माल उतरण्याआधी ठरवायचं. मिक्स म्हणून काहीही विकायचं नाही. आणणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि न कळलेल्या शब्दावर सही करायची नाही.

ही पाचवी गोष्ट माझ्यामुळे लिहिली गेली. परवा गाडी घेऊन गेलो तेव्हा पावती त्याच मावशीच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही. तिने पावती समोर धरली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "भाऊ, एकेक शब्द वाचून सांगा, मग अंगठा देते." त्याने सगळं वाचून दाखवलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. त्या दिवशी वहीतला आकडा आणि पावतीवरचा आकडा यांत फक्त चार किलोंचा फरक निघाला.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत घरातली एखादी जुनी पावती घेऊन बसा. धानाची असो, खताची असो, भंगाराची असो. तिच्यावरचा कोणता शब्द कळत नाही ते एकमेकींना विचारा. ज्या बाईला विचारायची लाज वाटत नाही तिला पुढे बसवा.